जिवंत बाईचा खून

आई: फोनवर तू रडत होतीस, मला निम्मं कळलंच नाही. आता नीट सांग. खून कोणी केला?

मुलगी: बाबांनी.

आई: आणि कोणाचा?

मुलगी: तुझा.

आई: बरं. ते स्टूल ओढ आणि बस आधी. काका, तुम्हीपण बसा, तुमचा चष्मा झालाच आहे, एक दांडी तेवढी घट्ट करते. माझी मुलगी आहे ही, लांबून आलीय. हं, तू बोल. हात चालू असले तरी माझे कान रिकामेच असतात.

मुलगी: परक्या माणसासमोर?

आई: त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि यंत्राशिवाय ऐकू येत नाही. यंत्र घरी विसरून आलेत. बोल तू.

मुलगी: बाबांची ती जुनी मालिका आम्ही नव्याने करतोय. वटवाघळांचं घर. तुझ्या कानावर आलं असेल.

आई: कानावर कशाला, समोरच्या बसथांब्यावर पोस्टर आहे. सकाळी शटर वर केलं की पहिला तोच चेहरा. पुढे एक पोरगी टॉर्च घेऊन उभी आणि मागे तुझे बाबा, काळ्या कोटात, डोळे असे वटारून. मी घरी यांना म्हटलंसुद्धा, ह्यात हसण्यासारखं काय आहे?

मुलगी: हसायचं नाहीच आहे. चॅनेलने मला पहिल्याच बैठकीत सांगितलं. घरात वटवाघळं पाळणारी ती भुतासारखी माणसं, दारावर आलेला विक्रेता किंचाळत पळाला की 'चहा न घेताच गेले बिचारे' म्हणून हळहळणारी, ते सगळं आमच्या आईबापांचं बघून झालं म्हणाले. आताच्या पोरांना रहस्य पाहिजे. म्हणून मी त्या घरातली नात घेतली. शाळेच्या वसतिगृहात राहते, कोणाशी पटत नाही, तिथली गूढ प्रकरणं सोडवते. आणि सोडवता सोडवता स्वतःच्या घरापाशी येऊन थांबते. आपली आजी कुठे गेली?

आई: आजी म्हणजे मालिकेतली तुझ्या बाबांची बायको.

मुलगी: हो. ते काम करणारी बाई आता राहिली नाही. तेव्हा आजी पहिल्यापासूनच बेपत्ता.

आई: आणि शेवटी निघतं काय, तर आजोबांनीच तिला मारलं.

मुलगी: तुला कसं कळलं?

आई: पोस्टरवरचे डोळे बघून. म्हणजे मला तू आजी केलंस आणि मारूनही टाकलंस.

मुलगी: तुझा त्याच्याशी संबंध नाही, आई. शेवट चॅनेलला तसा हवा होता. ज्याच्यावर सगळ्यांनी जीव लावला तोच खुनी. मी पण आधी नको म्हटलं. पण इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या मालिकांचे संवाद लिहीत आलेय, माझं नाव शेवटच्या नामावलीत कुठेतरी तळाला. ही माझी पहिली. आणि चॅनेलने ती घेतली ती केवळ बाबा स्वतः काम करणार म्हणून.

आई: आणि ते तयार झाले?

मुलगी: तयार? ते माझ्या मागे लागले होते. जन्मभर लोकांना हसवलं, मरायच्या आधी एकदा तरी गंभीर काम करू दे, असं म्हणायचे. त्या मालिकेनंतर त्यांना कोणी दुसरं काही दिलंच नाही. दुकानात गेले तरी लोक म्हणणार, ते भुतासारखं हसून दाखवा. तू गेल्यावर तर...

आई: माझ्यावर नंतर ये. आधी त्यांचं सांग. काका, घालून बघा. टोचतंय का कानामागे? नाही ना? मग या. सैल झाला तर परत आणा, लाजू नका. हं.

मुलगी: त्यांची आठवण सांडायला लागली होती हे मला ठाऊक होतं. किल्ल्या, औषधं, वार. वयाने होतं, म्हणून मी सोडून दिलं. चित्रीकरण सुरू झालं तेव्हा लक्षात आलं की वाक्यं राहत नाहीत. लहान वाक्यं कानात यंत्र घालून, पलीकडून कोणीतरी सांगत, निभावली. पण शेवटच्या भागातला कबुलीजबाब मोठा आहे, त्यात कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावरून हलत नाही. मग मी रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्यासमोर बसायचे आणि म्हणून घ्यायचे. 'मीच मारलं तिला. तळघरात आहे ती. मला माफी नको. इतकी वर्षं मला कोणी विचारलं नाही, एवढंच.' महिनाभर हेच.

आई: पाठ झालं?

मुलगी: झालं. तेवढंच राहिलं. आजूबाजूचं सगळं वाहून गेलं आणि तेवढंच राहिलं.

आई: म्हणजे त्यांना ते खरंच वाटतंय.

मुलगी: मागच्या आठवड्यात म्हणाले, बाळा, हे चार भिंतींत म्हणून काय उपयोग, योग्य ठिकाणी जाऊन म्हणायला पाहिजे. मला वाटलं, सेटवर तालीम करू म्हणतायत. मी बरं म्हटलं आणि आंघोळीला गेले. बाहेर येऊन बघते तर माणूस नाही. इस्त्रीचा शर्ट घालून, पायात घरातल्या सपाता, थेट पोलीस चौकी. तिथल्या साहेबाला सांगितलं, मी माझ्या बायकोचा खून केलाय, मला आत टाका.

आई: आणि टाकलं?

मुलगी: टाकतायत कसले. साहेबांनी ओळखलं. लहानपणी बघितली होती म्हणे मालिका. सगळ्यांना बोलावलं, खुर्ची दिली, फोटो काढले. आणि कोणीतरी म्हणालं, ते हसून दाखवा ना. आणि बाबांनी दाखवलं, आई. अंगवळणीच पडलंय ते, कोणी म्हटलं की आपोआप येतं. सगळी चौकी टाळ्या वाजवायला लागली. मग ते ढसाढसा रडायला लागले, की मला कोणी पकडत का नाही. मी पोचले तेव्हा तो साहेब पार गोरामोरा होऊन त्यांना पाणी पाजत होता.

आई: पुढे?

मुलगी: तेव्हापासून जेवण सोडलंय. खुन्याला ताट वाढू नये म्हणतात. चार घोट दूध जातं, तेही झोपेच्या गुंगीत पाजलं तर. परवा स्वयंपाकघरातली एक फरशी उकरून ठेवली होती, तळघर शोधत होते. आमच्या घराला तळघर कुठे आहे? आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. डॉक्टर म्हणाले, असेच दोन-चार दिवस गेले तर नळी घालावी लागेल. आणि वाद घालू नका म्हणाले, पण वाद न घालता खाऊ कसं घालू, ते नाही सांगितलं.

आई: तू सांगितलंस त्यांना? की तुमची बायको मेली नाही, निघून गेली?

मुलगी: त्याच दिवशी सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, 'माझ्यासाठी खोटं बोलू नकोस, बाळा.'

आई: का, खोटं का वाटलं?

मुलगी: कारण ते वाक्यही मीच लिहिलंय. नातीला जेव्हा कळतं ना, तेव्हा ती आजोबांना वाचवायला म्हणते, आजी निघून गेली होती, तिला कोणी मारलं नाही. त्यावर आजोबांचं उत्तर तेच. मी काहीही म्हटलं की ते पुढचं वाक्य म्हणतात. आपलेच दात, आपलेच ओठ. सगळी दारं मीच बंद करून ठेवलीयत, लिहून लिहून.

आई: फोटो दाखवलेस?

मुलगी: फोटो जिवंत माणसाचा आहे की मेलेल्याचा, ते फोटोवर कुठे लिहिलेलं असतं? तू चल. फक्त दारात उभी राहा. बसू नकोस, पाणीसुद्धा पिऊ नकोस. एकदा डोळ्यांनी तुला बघितलं की निघ. मी परत कधी काही मागणार नाही.

आई: परत कधी? तू पहिल्यांदा काय मागितलं होतंस ते आठवतेय मी.

मुलगी: बोल. जे बोलायचंय ते बोलून घे. मी तयारीनेच आलेय.

आई: मला नाही बोलायचं. यांना काय सांगू ते बघतेय. आत्ता जेवून येतील ते. दुकान त्यांचं आहे, घर त्यांचं आहे, साधा माणूस आहे. त्यांना सांगू, की माझ्या पहिल्या नवऱ्याने माझा खून केलाय, तर जरा जाऊन येते?

मुलगी: आई, मी हसायच्या पलीकडे गेलेय.

आई: मी पण हसत नाहीये. मला एक सांग. तू त्या पोरीला, त्या नातीला, किती हुशार दाखवलीयस. पावलांच्या ठशांवरून माणूस ओळखते, राखेवरून कागद ओळखते. आजी कुठे गेली म्हणून सगळं जग पालथं घालते. माझा फोन नंबर तुझ्याकडे मामाने दिलेला कधीपासून आहे. तू एकदा तरी विचारलंस, आई, का गेलीस?

मुलगी: मी विचारायचं? मी शाळेतून आले तर घराला कुलूप. शेजारच्या काकूंकडे बसून राहिले अंधार पडेपर्यंत. बाबा आले, त्यांना विचारलं तर म्हणाले, माहीत नाही कुठे गेली. त्या वयात मी तुला शोधायचं होतं?

आई: असं म्हणाले ते? माहीत नाही म्हणाले?

मुलगी: हो. का?

आई: काही नाही. मी तुला न्यायला आले होते, त्याच महिन्यात. तू आतून कडी काढली नाहीस. दाराला तोंड लावून म्हणालीस, माझ्या बाबांना सोडून मी येणार नाही, तू जा. तेच तुझं पहिलं मागणं. मी गेले.

मुलगी: मी लहान होते.

आई: लहानच होतीस. मी कुठे दोष देतेय? पण नंतर मोठी झालीस ना.

मुलगी: बरं. आता विचारते. का गेलीस?

आई: आता विचारतेस ते मला घेऊन जायचंय म्हणून.

मुलगी: हो, म्हणूनच. पण विचारतेय ना. सांग.

आई: सांगण्यासारखं काही नाही, हीच अडचण होती. ते पीत नव्हते, मारत नव्हते, बाहेर काही भानगड नव्हती. भानगड असती तर चार माणसांत सांगता आलं असतं. त्या मालिकेत शेवटी काय व्हायचं, आठवतं? दिवे जायचे. अंधारात ते विचारायचे, कुठे आहेस? आणि ती म्हणायची, इथेच. सगळा देश त्या वाक्यावर पाघळायचा. मला रस्त्यात बायका थांबवून विचारायच्या, घरीसुद्धा असंच विचारतात का हो? मी हो म्हणायचे. काय सांगणार? घरी यायचे ते रिकामे होऊन. सगळं तिकडे देऊन. कोट काढायचे, गरम पाणी आहे का विचारायचे, आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. मी समोर बसलेय की उठून गेलेय, त्यांना पत्ता नसायचा. एकदा मी मुद्दाम माहेरी जाऊन दोन रात्री राहिले. परत आले तर म्हणाले, आज भाजीत मीठ कमी होतं, म्हणजे बाहेरून आलेल्या डब्यातली खाल्ली असावी. मी नव्हते हे कळलंच नव्हतं.

मुलगी: मला आठवतं, ते माझ्याशी खेळायचे.

आई: तुझ्याशी खेळायचे. मी कुठे नाही म्हणतेय? तुझ्यासाठी उरवून आणायचे थोडं. माझ्यापर्यंत येईतो संपायचं. यावर कोणी घर सोडतं का? सगळ्यांनी हेच विचारलं. माझी आईसुद्धा म्हणाली, सुख बोचतंय तुला.

मुलगी: मला वाटायचं, तू माझ्यामुळे गेलीस.

आई: ते मला आत्ता कळतंय. डोळे पूस. दुकानात कोणी आलं तर त्यांना वाटेल चष्म्याचा नंबर चुकीचा दिला.

मुलगी: येशील?

आई: येते. पण माझीही एक गोष्ट आहे. तो कबुलीजबाब ते करणार नाहीत. ना सेटवर, ना घरात. तुझ्या गोष्टीत मला मार, नको मारू, तुझं तू बघ. पण त्यांच्या तोंडून नाही.

मुलगी: आई, परवा तो प्रसंग आहे. त्यांच्यावर सगळी मालिका उभी आहे. मी आता त्यांना काढते म्हटलं तर चॅनेल मला उचलून बाहेर फेकेल.

आई: फेकेल ना.

मुलगी: आणि माझं काय?

आई: तू कुठेही लिहिशील. त्यांना दुसरं डोकं कुठून आणणार आहेस?

मुलगी: मी आज दिग्दर्शकाशी बोलते.

आई: बोल. तोवर मी यांच्याशी बोलते. दोघींनाही सोपं जाणार नाही. आणि हे बघ, मी दारात वगैरे उभी राहणार नाही. यायचं तर आत येऊन बसेन.

(दुसऱ्या दिवशी दुपारी. बाबांच्या खोलीत पडदे ओढलेले. स्टुलावर झाकलेलं ताट, तसंच.)

मुलगी: बाबा, बघा कोण आलंय.

बाबा: बघितलं. या बाई, बसा. चॅनेलने पाठवलं ना तुम्हाला? फार उशीर केला त्यांनी. समोर बायकोच नाही तर माणूस पाठ तरी किती करणार?

आई: मीच आहे.

बाबा: हं. असंच म्हणायचं, पण जरा हळू. पहिल्याच वाक्याला इतका जोर लावलात तर पुढे चढायला जागा राहत नाही.

आई: मी पाठ केलेलं म्हणत नाहीये. मी खरीच आहे. मी गेले होते, मेले नव्हते. तुम्ही मला काही केलेलं नाही.

बाबा: सगळे हेच सांगतात. फार चांगली माणसं आहेत सगळी. पोलिसांनीसुद्धा खुर्ची दिली.

मुलगी: बाबा, ही आई आहे. आवाज ओळखा ना.

बाबा: आवाज चांगला आहे. पण तुम्ही तिच्यापेक्षा थोड्या उंच आहात, बाई.

आई: उंच नाही. तुम्ही झोपलेले आहात आणि मी उभी आहे.

बाबा: तेही खरं.

आई: तुमच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला नख नाही. लग्नाच्या आधी नाटकाचा पडदा पडला होता त्यावर. वरचा दांडा.

बाबा: मुलीने सांगितलं असेल. लेखिका आहे माझी मुलगी. कुठून कुठून माहिती काढते.

आई: ही झाली त्या दिवशी तुम्ही दवाखान्यात चुकीच्या खोलीत गेलात, आणि दुसऱ्याच कोणाच्या तरी बाळाला घेऊन रडत बसला होतात. नर्सने ओढून आणलं.

मुलगी: हे मला माहीत नव्हतं.

बाबा: माझ्यासाठी खोटं बोलू नकोस, बाळा.

मुलगी: बघितलंस? हे असं आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत हे असंच.

बाबा: वाईट वाटून घेऊ नका, बाई. तुम्ही चांगलं करता. तिला इतकं बोलायची सवय नव्हती, एवढंच. ती गप्प असायची.

आई: गप्प असायची. कारण विचारायचं कोण? हे ताट कधीचं आहे?

मुलगी: सकाळचं.

आई: हे उचला आणि खा.

बाबा: नको. मी मारलं आहे तिला. खुन्याला...

आई: पुरे झालं. इतक्या वर्षांत मी तुमची एका माणसाकडे तक्रार केली नाही. लोकांनी मला नावं ठेवली, माझ्या आईने ठेवली, पोरीने दार उघडलं नाही, मी तोंड मिटून राहिले. आणि आता तुम्ही उठून मला मारलं म्हणता? खून करायला माणसाकडे लक्ष लागतं हो. तुमचं माझ्याकडे लक्ष होतं कधी?

बाबा: हे कागदात नाही.

आई: नाही. कोण लिहिणार? हिला ठाऊक नाही, आणि तुम्ही कोणाला सांगितलं नाही. मी घर सोडलं तेव्हा तुम्ही घरात होतात. दुपारी. तुमचं चित्रीकरण लवकर सुटलं होतं, कोटसुद्धा अंगावर होता. मी बॅग भरत होते आणि तिचं कुलूप लागत नव्हतं. तुम्ही बघितलंत. कुठे चाललीस, एक शब्द विचारला नाहीत. कोटाचा पट्टा काढलात, बॅगेला गुंडाळलात आणि गाठ मारून दिलीत.

मुलगी: बाबा घरी होते?

आई: होते. बॅग यांनीच उचलली. जिना उतरून खाली आणली, टॅक्सी थांबवली. टॅक्सीवाला यांना ओळखून हसायला लागला.

बाबा: त्याने मला भुताचा आवाज काढायला सांगितला.

मुलगी: बाबा?

बाबा: मी काढला. तू आत बसली होतीस, आणि मी खिडकीपाशी उभा राहून आवाज काढला. त्याच्यासाठी.

आई: हो. काढलात.

बाबा: दुसऱ्या दिवशी सेटवर फार बोलणी खाल्ली मी. आदल्या प्रसंगात पट्टा होता, पुढच्यात नाही. म्हणाले, पट्टा कुठे गेला? मी म्हटलं, गावाला गेला.

आई: हे मला माहीत नव्हतं.

बाबा: तुला कुठून असणार? तू गेली होतीस.

मुलगी: तुम्ही मला सांगितलंत, माहीत नाही कुठे गेली.

बाबा: कुठे गेली ते मला खरंच माहीत नव्हतं, बाळा. मी विचारलं नाही. फक्त बॅग धरली.

आई: जड होती.

बाबा: जडच होती. मी जिन्यात मागे होतो आणि तू पुढे. एक-एक पायरी थांबत उतरत होतीस. मला वाटलं, तुझा गुडघा दुखतोय.

आई: गुडघा धडधाकट होता तेव्हा.

बाबा: मग?

आई: कोणी मागून काही म्हणतंय का, बघत होते.

बाबा: म्हटलं असतं तर?

आई: आता काय त्याचं. थांबले असते त्या दिवशी. पुढचं नाही सांगता येत.

मुलगी: बाबा, पाणी देऊ?

बाबा: नको. मला आधी नीट लावू दे. तू गेलीस.

आई: गेले.

बाबा: आपल्या पायांनी.

आई: आपल्या पायांनी. पुढे टॅक्सीने.

बाबा: मग मी मारलं नाही.

आई: नाही. तुम्ही कोणाला मारलं नाही.

बाबा: मला वाटलं होतं, मी काहीतरी केलंय. रोज वाटतं, काहीतरी केलंय तिचं आपण. मी नुसताच उभा होतो, हे कसं लक्षात येणार?

आई: रडा. पण रडून झालं की चार घास खायचे. डाळ गार झालीय, ही गरम करून आणेल.

मुलगी: आणते. आणते मी. आई, तू जाऊ नकोस तोवर.

आई: बसलेय ना.

बाबा: तुझ्या घरी कोण असतं?

आई: नवरा आहे. चष्म्याचं दुकान आहे आमचं. काल त्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, आणि म्हणाले, डबा घेऊन जा, वेळ लागेल.

बाबा: विचारतो का तो? तू कुठे जातेस, कधी येतेस?

आई: नको तितकं विचारतात. जीव खातात कधीकधी.

बाबा: चांगलं आहे. बरं झालं.

मुलगी: हे घ्या, बाबा. मी भरवू?

बाबा: हात आहेत मला. मीठ कमी आहे.

आई: मीठ बरोबर आहे. तोंडाला चव नाहीये, इतके दिवस उपाशी राहून.

बाबा: असेल. अजून थोडी वाढ.

मुलगी: आई, खाल्लं त्यांनी. बघ ना, खाल्लं.

आई: दिसतंय मला. तू रडू नकोस त्यात, खारट होईल.

मुलगी: आणि उद्या? उद्या सकाळी उठून परत तेच वाक्य म्हणाले तर?

आई: म्हणतील. एका दिवसात पुसलं जाणार नाही, महिनाभर घोटून घेतलंयस तू. फोन कर. मी येऊन परत भांडेन. पहिल्या वेळेला सुरुवात कुठून करायची ते कळत नव्हतं, आता कळलंय.

मुलगी: तुला इतक्या लांबून...

आई: दुपारी दुकानात तशीही गर्दी नसते. दिग्दर्शक काय म्हणाले ते सांग.

मुलगी: आधी ओरडले. म्हणाले, शेवटच्या क्षणी गळ्याला फास लावतेस. मग मी चौकीतलं सगळं सांगितलं, तेव्हा गप्प झाले. चॅनेलने सांगितलंय, खुनी आजोबाच राहणार, नट बदलायचा. पोस्टर नवीन करतील. माझं नाव ठेवायचं की नाही, ते नंतर कळवणार आहेत.

आई: ठेवणार नाहीत.

मुलगी: नाही ठेवणार. मलाही माहीत आहे.

बाबा: काय बोलताय दोघी? कोणाचं नाव?

मुलगी: काही नाही, बाबा. तुमचं काम संपलं एवढंच. तो शेवटचा प्रसंग तुम्हाला करायचा नाहीये. पाठही करायचं नाही आता काही.

बाबा: मी वाईट करत होतो का?

मुलगी: नाही. फार चांगलं करत होतात. म्हणूनच.

बाबा: मग ते काम कोणाला देणार?

मुलगी: बघतायत. तुमच्या वयाचे कोणीतरी.

बाबा: माझ्या वयाचा म्हणजे त्यालाही पाठ होणार नाही पटकन. कोणीतरी रोज त्याच्याकडून म्हणून घेईल.

मुलगी: घेईल, बाबा.

बाबा: तू दिग्दर्शकाला सांगून ठेव, बाळा. काम द्यायच्या आधी त्याला विचारून घ्या म्हणावं, घरी कोणी आहे का.